त्याने मुद्दाम केलं असेल का? माणसं ओळखताना आपण नेमके कुठे चुकतो

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमची आई तीन आठवडे हॉस्पिटलमध्ये होती. पंधरा वर्षांचा जिवलग मित्र एकदाही फिरकला नाही, पहिल्या दिवशी "काळजी घे, काही लागलं तर सांग" एवढा मेसेज आणि नंतर सामसूम. आणि ऑफिसमधल्या ज्या सहकारी बाईंशी तुमचं वर्षभर धड बोलणंही नव्हतं, ज्यांना तुम्ही आतल्या गाठीच्या समजत होतात, त्या न सांगता आल्या आणि दोन रात्री आईजवळ थांबल्या. आता तुम्ही विचारताय की मी माणसं ओळखण्यात इतका कसा चुकलो, माणसं अशी बेभरवशाची का असतात, आणि समोरच्याच्या मनात काय आहे हे ओळखायचं तरी कसं.

मी बावीस वर्षं समुपदेशन करतोय, जास्त करून नवरा-बायको, भावंडं आणि एकाच ऑफिसात काम करणारी माणसं. माझ्या खोलीत सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारा शब्द म्हणजे "मुद्दाम". त्याने मुद्दाम उशीर केला, तिने मुद्दाम सगळ्यांसमोर विषय काढला, साहेबांनी मुद्दाम माझं नाव वगळलं. मी दर वेळी एकच विचारतो, मुद्दाम केलं हे तुम्हाला कशावरून कळलं? आणि बहुतेक वेळा उत्तर येतं ते असं, "अहो मला किती लागलं माहितीये का!" म्हणजे मी विचारलं कशावरून, आणि उत्तर आलं किती लागलं त्याचं. तुमच्या प्रश्नातही तेच झालंय. मित्र आला नाही हे तुम्हाला माहितीये, आणि त्याचं तुम्हाला खूप लागलंय हेही माहितीये, पण तो का आला नाही हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही, कारण ते तुम्हाला माहीतच नाहीये. तरी प्रश्नात तुम्ही त्याच्याबद्दल "त्याला माझी किंमतच नव्हती" असं लिहून मोकळे झालात. मधली जागा तुमच्या दुखावलेल्या मनाने भरली.

हे फक्त तुमचंच होतं असं नाही. जोशुआ नोब नावाच्या तत्त्वज्ञाने 2003 मध्ये एक साधा प्रयोग केला. बागेत बसलेल्या लोकांना एक छोटीशी गोष्ट दिली, एका कंपनीच्या प्रमुखाला हाताखालचा माणूस सांगतो की नवीन योजना आणली तर नफा वाढेल पण पर्यावरणाचं नुकसान होईल, प्रमुख म्हणतो पर्यावरणाचं मला काही पडलेलं नाही, मला नफा हवाय, सुरू करा. आणि नुकसान होतं. आता सांगा, त्याने नुकसान मुद्दाम केलं का? 82 टक्के लोक हो म्हणाले. दुसऱ्या लोकांना तीच गोष्ट दिली, फक्त नुकसानाच्या जागी फायदा टाकला, पर्यावरणाचा फायदा होईल, प्रमुख तेच म्हणतो की मला काही पडलेलं नाही, आणि फायदा होतो. त्याने फायदा मुद्दाम केला का? फक्त 23 टक्के हो म्हणाले. माणूस तोच, बेफिकिरी तीच, वाक्यही तेच. बदललं काय तर शेवटी वाईट झालं की चांगलं. म्हणजे आपण हेतू बघून परिणामाला नाव देत नाही, परिणाम बघून हेतू ठरवतो, आणि परत आपल्याला खात्री असते की आपण हेतूच बघितला. यावर तत्त्वज्ञांमध्ये बरेच वाद आहेत की ही चूक म्हणायची की आपल्या विचार करण्याचाच भाग, त्यात मी जात नाही, पण खोलीत बसून जे दिसतं त्याच्याशी हे तंतोतंत जुळतं.

एक जोडपं होतं, तपशील बदलून सांगतो. बायकोची तक्रार अशी की ही खोलीत आली की नवरा फोन पालथा घालतो. दोन वर्षं ती हे बघत होती आणि आत आत जळत होती, तिने पासवर्ड शोधायचा प्रयत्न केला, बिलं तपासली, काही सापडलं नाही म्हणून संशय आणखी वाढला, कारण काही सापडत नाही म्हणजे लपवण्यात हा किती तरबेज असेल. नवऱ्याला मी विचारलं तर तो गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. म्हणाला दोन वर्षांपूर्वी तीच म्हणाली होती की मी समोर असताना तू सारखा त्या स्क्रीनकडे बघत असतोस, तेव्हापासून ती आली की मी फोन उलटा ठेवतो, म्हणजे नजर जाऊ नये. तिच्यासाठी केलेली गोष्ट तिला दोन वर्षं सुईसारखी टोचत होती आणि दोघांपैकी एकानेही त्याबद्दल तोंड उघडलं नव्हतं. ती रडली, पण मला जास्त लक्षात राहिला तो त्याचा चेहरा, कारण त्याला वाटत होतं की मी इतकं मन लावून करतोय ते हिला दिसत असणार.

हा दुसरा अर्धा भाग लोक विसरतात. समोरच्याचं मन आपल्याला वाचता येतं असं वाटतं, तसंच आपलं मनही समोरच्याला दिसतंय असं वाटतं. एलिझाबेथ न्यूटन यांनी 1990 मध्ये स्टॅनफर्डला केलेला प्रयोग मी जोडप्यांकडून खोलीतच करून घेतो. एकाने ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा, दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं होतं निम्मी गाणी तरी ओळखतील. प्रत्यक्षात 120 पैकी 3 ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं चालू असतं, ऐकणाऱ्याला फक्त टकटक. मेसेजचंही असंच. जस्टिन क्रुगर आणि निकोलस एप्ली यांच्या 2005 च्या अभ्यासात ईमेल लिहिणाऱ्यांना वाटत होतं की आपण टोमणा मारलाय की खरंच बोलतोय हे 78 टक्के वेळा समोरच्याला कळेल, कळलं 56 टक्के वेळा, म्हणजे नाणं उडवल्यापेक्षा जरासं बरं. तुमच्या मित्राचा "काही लागलं तर सांग" हा मेसेज तुम्ही तोंडदेखला म्हणून वाचला. तो तसा असेलही. पण त्या चार शब्दांत तो टोन नाहीये, तो तुम्ही घातलाय, आणि तोही तीन आठवडे संपल्यावर मागे जाऊन घातलाय. पहिल्या दिवशी तो मेसेज वाचून तुम्हाला तसंच वाटलं होतं का, हे जरा आठवून बघा.

आता हा आपल्या मनाचा दोष आहे असंही मी म्हणणार नाही. हेतू शोधणं ही माणसाची फार जुनी आणि फार उपयोगी सवय आहे, ती नसती तर आपण एकमेकांबरोबर दोन पावलंही चाललो नसतो. 1944 मध्ये फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल यांनी लोकांना एक छोटी फिल्म दाखवली, त्यात एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक गोल आणि एक चौकट, बास. हे आकार इकडून तिकडे सरकतात. 34 जणांना काय दिसलं ते लिहायला सांगितलं तर एक जण सोडून सगळ्यांनी त्यात जिवंत पात्रं बघितली, मोठा त्रिकोण दादागिरी करतोय, गोल घाबरलाय, छोटा त्याला वाचवतोय. कागदाच्या तुकड्यांनाही आपण मन देतो, मग पंधरा वर्षांच्या मित्राच्या शांततेला अर्थ दिल्याशिवाय कसे राहू. अर्थ तर देणारच. फक्त आपण काय दिलंय आणि खरं काय दिसलंय यातली रेघ पुसली जाते, आणि मग सुतावरून थेट स्वर्ग.

कोण कुठला अर्थ देतो ते बऱ्याचदा त्याला आधी काय भोगावं लागलंय त्यावर असतं. केनेथ डॉज यांनी 1980 मध्ये शाळकरी मुलांवर अभ्यास केला. मुलाचं अर्धवट जुळवलेलं कोडं दुसऱ्या मुलाने मोडलंय असं त्याला कळेल अशी व्यवस्था केली. मुद्दाम मोडलं हे स्पष्ट असेल तेव्हा मारकुटी आणि शांत मुलं साधारण सारखीच वागली, चुकून मोडलं हे स्पष्ट असेल तेव्हाही. फरक पडला तो मधल्या, नक्की न कळणाऱ्या प्रसंगात. तिथे मारकुट्या मुलांनी धरूनच चाललं की हे मुद्दाम केलंय आणि तसाच बदला घेतला. मग समोरचं मूल खरंच वैतागणार, खरंच वाईट वागणार, आणि याला वाटणार बघा मी म्हणत होतोच. मोठ्या माणसांत हे चक्र मी रोज बघतो. ज्या घरात लहानपणी टोमण्यातूनच सगळं बोललं जायचं तिथून आलेल्या माणसाला साधं "जेवलास का?" यातही खोच ऐकू येते. असा माणूस वेडा नसतो, त्याच्या जुन्या घरात तो अर्थ बरोबरच होता, फक्त ते घर आता मागे राहिलंय.

मी स्वतः किती चुकतो तेही सांगतो, कारण या कामात असलेल्यांना माणसं वाचता येतात असा एक समज आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एक गृहस्थ यायचे, हाताची घडी घालून बसायचे आणि दर पाच-दहा मिनिटांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे. मी ठरवून टाकलं की यांना कोणीतरी जबरदस्तीने पाठवलंय, यांना यात काडीचा रस नाही. आणि त्या समजुतीतून मी त्यांच्याशी सावध, थोडं कोरडं बोलत राहिलो. सहाव्या वेळी न राहवून विचारलं की तुम्हाला निघायची घाई असते का. ते संकोचून म्हणाले, नाही हो, बाहेर एक बाई लहान मुलाला घेऊन बसलेल्या असतात दर वेळी, माझ्यामुळे त्यांचा वेळ जायला नको म्हणून बघतो. सहा भेटी. ज्या माणसाला मी बेफिकीर समजत होतो तो त्या खोलीतला सगळ्यात जास्त दुसऱ्याचा विचार करणारा माणूस होता, आणि माझ्या कोरडेपणामुळे त्याला वाटत होतं की याला माझं बोलणं कंटाळवाणं होतंय. तेव्हापासून अशी शंका आली की मी सहाव्या वेळेपर्यंत थांबत नाही, पहिल्याच भेटीत विचारतो.

आपल्याकडे म्हण आहे, आपल्यावरून जग ओळखावं. दया शिकवायला ही म्हण छान आहे, मला लागतं तसं दुसऱ्यालाही लागतं. पण हेतू ओळखायला ती फसवी निघते. मी आजारी मित्राला भेटायला गेलो नाही तर त्याचा अर्थ एकच, मला तो महत्त्वाचा नाही, म्हणून तो आला नाही तर त्याचाही अर्थ तोच. असं नसतं. ताल एयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली यांनी 2018 मध्ये पंचवीस प्रयोग छापले, समोरच्याच्या जागी स्वतःला ठेवून विचार केला तर त्याच्या मनातलं जास्त अचूक कळतं का हे तपासणारे. तर अचूकपणा वाढत नाही असंच दिसलं. मग वाढतो कशाने? विचारण्याने. समोरच्याशी त्याच विषयावर बोललं तर कळतं, नुसतं मनातल्या मनात त्याच्या जागी बसून नाही. मला हे वाचून धक्का बसला नाही पण वाईट वाटलं, कारण मी स्वतः वर्षानुवर्षं लोकांना सांगत होतो की जरा त्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. आता तेवढंच सांगून थांबत नाही. तसं केल्याने मन मऊ होतं हे खरं आहे, आणि त्याची गरजही असते, पण मऊ झालेलं मनसुद्धा चुकीचाच अंदाज करू शकतं.

"पण पंधरा वर्षांची ओळख आहे हो," हे तुमचं वाक्य. विल्यम इक्स यांनी दोन माणसांची बोलतानाची व्हिडिओ घेऊन, नंतर दोघांना वेगवेगळं बसवून, कुठल्या क्षणी तुझ्या मनात काय होतं आणि त्याच्या मनात काय होतं असं वाटतं, हे जुळवून बघायची पद्धत काढली. अनोळखी माणसं सरासरी 20 टक्क्यांच्या आसपास बरोबर ठरतात. जवळचे मित्र, नवरा-बायको 35 टक्क्यांपर्यंत. म्हणजे ओळखीने फरक पडतो, पण आपल्याला वाटतो तेवढा नाही. आणि स्वान आणि गिल यांच्या 1997 च्या अभ्यासात दिसलं की नातं जितकं जुनं तितका आपला आत्मविश्वास वाढतो, पण अंदाजाची अचूकता त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून जुन्या नात्यातले गैरसमज जास्त खोल जातात, कारण तिथे विचारायची गरजच वाटत नाही. नवीन माणसाला आपण विचारतो, जुन्याचं उत्तर आपणच देऊन टाकतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, माणसं बेभरवशाची का असतात. माझं प्रामाणिक मत असं आहे की माणसं तुम्हाला वाटतायत तेवढी बेभरवशाची नसतात, फक्त आपण भरवसा चुकीच्या जागी ठेवतो. आपण म्हणतो हा मदतीला धावणारा माणूस आहे, हा प्रामाणिक आहे, ही थंड आहे, म्हणजे जणू माणसावर एक लेबल लागलं की ते सगळीकडे त्याच्याबरोबर जाणार. 1920 च्या दशकात ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे यांनी हजारो शाळकरी मुलांना लबाडी करायची संधी मिळेल असे वेगवेगळे प्रसंग दिले, परीक्षेत, खेळात, घरी, आणि त्यांना असं दिसलं की एका ठिकाणी लबाडी करणारं मूल दुसऱ्या ठिकाणी करेलच असं सांगता येत नाही. प्रामाणिक मुलं आणि लबाड मुलं असे दोन सरळ ढीग पडलेच नाहीत. आणि 1973 मध्ये जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी प्रिन्स्टनमध्ये धर्मगुरू व्हायचं शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीकडे बोलायला पाठवलं, काहींचा बोलायचा विषय तर वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या माणसाची बायबलमधली गोष्ट हाच होता. वाटेत एक माणूस वाकून, खोकत, कण्हत बसलेला. ज्यांना भरपूर वेळ आहे असं सांगितलं होतं त्यांच्यातले 63 टक्के थांबले. ज्यांना उशीर झालाय, पळा, असं सांगितलं होतं त्यांच्यातले 10 टक्के. विषय कुठला दिलाय किंवा मनात धर्म कशासाठी आहे याने थांबायचं की नाही यात फारसा फरक पडला नाही, फरक पडला तो घाईने. आता त्या न थांबलेल्यांना लांबून बघणारा काय म्हणेल? ढोंगी. घाई तर दिसतच नाही ना कोणाला, घाई डोक्यात असते.

बाहेरून परिस्थिती दिसत नाही आणि माणूस दिसतो, म्हणून आपण सगळं माणसाच्या खात्यावर टाकतो. ली रॉस यांनी 1977 मध्ये या चुकीला नाव दिलं, आपण तिला ढोबळमानाने कारण माणसावर टाकण्याची चूक म्हणू.

पण म्हणून माणसाला स्वभावच नसतो असंही नाही, आणि मला तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. युइची शोडा, वॉल्टर मिशेल आणि जॅक राइट यांनी 1994 मध्ये छापलेल्या अभ्यासात उन्हाळी शिबिरातल्या मुलांवर तासन्‌तास नजर ठेवून नोंदी केल्या. त्यांना दिसलं की हे मूल रागीट आहे असं सरसकट म्हणणं निरुपयोगी आहे, पण हे मूल मोठ्यांनी दटावलं की भडकतं आणि बरोबरीच्यांनी चिडवलं तर शांत राहतं, आणि दुसरं मूल बरोबर उलट, हा नमुना पुन्हा पुन्हा तसाच दिसतो. म्हणजे माणसात सातत्य असतं पण ते "असं झालं तर तसं" या स्वरूपात असतं. आता तुमच्या मित्राकडे या नजरेने बघा. तुम्ही लिहिलंय की तुमची नोकरी गेली तेव्हा त्याने धावपळ करून चार ठिकाणी शब्द टाकला, पैशाची मदत केली, घर बदलताना दोन दिवस राबला. म्हणजे काहीतरी करता येण्यासारखं असेल तर हा माणूस हजर. हॉस्पिटलमध्ये काय करायचं असतं? काही नाही. नुसतं बसायचं असतं, दुसऱ्याची भीती बघत, बोलायला काही नसताना. तुम्ही पंधरा वर्षांत त्याला अशा प्रसंगात एकदा तरी पाहिलं होतं का? तुमच्या लिहिण्यावरून तरी नाही. तुम्ही एका प्रकारच्या प्रसंगातला माणूस चांगला ओळखत होतात आणि दुसऱ्या प्रकारच्या प्रसंगासाठी त्याच्यावर भरवसा टाकलात. सहकारी बाईंचं उलट, तुम्ही त्यांना फक्त कामाच्या ठिकाणी, डेडलाइनमध्ये आणि मीटिंगमध्ये पाहिलं होतं.

हॉस्पिटलमध्ये न गेलेली माणसंही माझ्याकडे येतात, कधी वर्षभराने, कधी दहा वर्षांनी, आणि ती काय सांगतात हे तुम्हाला कळावं असं मला फार वाटतं. बहुतेकांची सुरुवात सारखी असते. पहिल्या दिवशी काहीतरी अडचण होती, खरी किंवा अर्धवट खरी. दुसऱ्या दिवशी वाटलं उद्या निवांत जाऊ. चौथ्या दिवशी वाटलं की इतक्या उशिरा जायचं म्हणजे आधी का आलो नाही ते सांगावं लागेल. आठव्या दिवशी तर ते न जाणंच एवढं मोठं झालेलं असतं की आता जायला काहीतरी तेवढंच मोठं कारण हवं. दर दिवसाने पुढचा दिवस अवघड होत जातो, आणि बाहेरून मात्र हे दिसतं वीस वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या वीस निर्णयांसारखं, रोज सकाळी उठून त्याने ठरवलं की आजही जायचं नाही. आतून तो एकच पहिला दिवस असतो जो संपतच नाही. एक बाई मला म्हणाल्या, मी तिच्या बिल्डिंगखालपर्यंत तीनदा जाऊन परत आले. मैत्रिणीला ते कधीच कळलं नाही, कारण परत गेलेलं माणूस दिसत नाही. काहींना हॉस्पिटलचा वासही सहन होत नाही कारण त्यांचं कोणीतरी तिथे गेलेलं असतं, आणि ते आपण कधी विचारलेलं नसतं. काही स्वतःच त्या वेळी कुठल्या तरी खड्ड्यात असतात आणि तुमच्या दुःखापुढे आपलं काय सांगायचं म्हणून गप्प बसतात. आणि हो, काहींना खरंच फिकीर नसते. तीही माणसं मी पाहिलीत. पण ती सहसा माझ्याकडे येऊन रडत नाहीत, म्हणून माझ्या अनुभवात ती कमी दिसतात, हेही तुम्ही लक्षात घ्या आणि माझं बोलणं त्या हिशोबाने घ्या.

सगळी माहिती मिळाली तर माणूस ओळखता येईल का असंही तुम्ही विचारलंय. 2020 मध्ये एका मोठ्या प्रयोगाचे निकाल आले, 160 संशोधक गटांना चार हजारांहून जास्त कुटुंबांची जन्मापासूनची, हजारो मुद्द्यांची माहिती दिली आणि मुलं पंधरा वर्षांची असताना सहा गोष्टी काय असतील ते ओळखायला सांगितलं, अभ्यासातले मार्क, घरची आर्थिक ओढाताण वगैरे. सगळ्यात भारी मॉडेललाही नीट ओळखता आलं नाही, मोजकी चार माहिती वापरणाऱ्या साध्या पद्धतीपेक्षा ते थोडंसंच पुढे होतं. मला यात निराशा वाटत नाही. तुम्ही स्वतःला जो दोष देताय की मला माणसं ओळखता येत नाहीत, तो दोष तरी निदान सोडून द्या, कारण ज्या कामात तुम्ही नापास झालात असं तुम्हाला वाटतंय ते काम तुम्हाला वाटतंय त्या पद्धतीने कोणालाच जमत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी, नाहीतर माझ्या बोलण्याचा कोणीतरी भलताच उपयोग करेल. समोरच्याचा हेतू चांगला असेल असं धरून सगळं सहन करत राहा, असं मी म्हणत नाहीये. कोणी तुम्हाला सतत तोडून बोलत असेल, धमकावत असेल, हात उगारत असेल, पैशात फसवत असेल, तर तिथे हेतू शोधत बसूच नका. अशा नात्यातली माणसं माझ्याकडे येऊन वर्षानुवर्षं एकच कोडं सोडवत असतात, त्याच्या मनात खरंच तसं असेल का, त्याला कळत नसेल का, आणि ते कोडं सुटेपर्यंत स्वतःला वाचवायचं थांबवून ठेवतात. थांबायची गरज नाही. पायावर कोणी उभं असेल तर मुद्दाम की चुकून हे ठरायच्या आधीच पाय काढून घ्यायचा असतो. हेतूची गरज लागते ती नातं पुढे कसं ठेवायचं यासाठी, आत्ता मला काय चालणार नाही हे सांगायला लागत नाही. आणि एकदा घडलेली गोष्ट आणि सांगूनही पुन्हा पुन्हा घडणारी गोष्ट यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुमच्या मित्राने पंधरा वर्षांत हे एकदा केलंय.

सहकारी बाईंबद्दलही थोडं सावकाश घ्या. तुम्ही लिहिलंय की आता त्याच माझ्या खऱ्या, बाकी सगळे खोटे. पहिल्यांदा त्यांना आतल्या गाठीच्या ठरवताना तुमच्याकडे पुरावा नव्हता, आणि आता देवमाणूस ठरवतानाही दोन रात्रींपलीकडे काही नाही. त्यांनी केलं ते मोठंच आहे, त्याबद्दल कृतज्ञ असालच, पण त्यांच्यावर आता जी मूर्ती बसवताय ती उद्या त्यांच्या एखाद्या साध्या चिडचिडीने फुटेल आणि तुम्ही परत म्हणाल माणसं बेभरवशाची.

मित्राशी बोलायचं कसं, तर आधी एका कागदावर फक्त घडलेलं लिहा. तीन आठवडे, एक मेसेज, भेट नाही, फोन नाही. किंमत, स्वार्थ, दिखावा असले शब्द आले की ते वेगळ्या बाजूला लिहा, ते तुमचे आहेत, त्याचे नाहीत. मग त्याला भेटा किंवा फोन करा, मेसेजवर हे करू नका, वरचे 56 टक्के आठवा. आणि साधारण असं म्हणा, "आई हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा मी तुझी वाट बघत होतो. तू आला नाहीस त्याचं मला खूप लागलं. काय झालं होतं ते मला खरंच जाणून घ्यायचंय." बास, एवढंच. "तू का नाही आलास" असं नको, त्यात "का" हा शब्द कानाला आरोपासारखा लागतो आणि माणूस लगेच बचावाला उभा राहतो. आणि "तुझी काहीतरी अडचण असेल" हेही नको, तुम्हीच उत्तर पुरवलंत तर तो तेच उचलेल आणि खरं काय ते आतच राहील. मग थांबा. ही थांबायची पाच-दहा सेकंद फार जड जातात, लोक घाबरून स्वतःच बोलायला लागतात, तसं करू नका.

उत्तर तीनपैकी कुठलंही येऊ शकतं. एखादं खरं कारण, जे ऐकून तुम्हालाच वाईट वाटेल. किंवा "मला कळलंच नाही काय करावं, मग उशीर झाला, मग लाज वाटली", जे कारण म्हणून तोकडं वाटेल पण माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा हेच खरं असतं. किंवा उडवाउडवी, "अरे कामात होतो, एवढं काय त्यात". शेवटचं आलं तर लागेल, पण त्या दिवशीच निकाल लावू नका, कोंडीत सापडलेला माणूस पहिल्या मिनिटाला जे बोलतो ते त्याचं शेवटचं बोलणं नसतं. आठवडाभर द्या. तो आपणहून परत आला, विषय काढला, तर बोला. नाही आला, तर तुम्हाला आता काहीतरी खरोखर कळलेलं असेल, आणि ते त्याच्याकडून कळलेलं असेल. मग त्या मैत्रीत काय मागायचं आणि काय नाही ते तुम्ही ठरवा, कदाचित घर बदलताना त्यालाच बोलवाल आणि आजारपणात नाही, बऱ्याच जुन्या मैत्र्या अशा टिकलेल्या मी पाहिल्यात आणि त्या खोट्या नव्हत्या.

आणि सहकारी बाईंनाही एकदा विचारा की त्या रात्री त्यांना यावंसं का वाटलं. तुम्ही ते विचारल्याचं प्रश्नात कुठे दिसलं नाही. आईंची तब्येत आता कशी आहे तेही लिहिलं नाहीत, तेवढं कळवा.